एका रिंगचं ग्राउंड आणि शेजारणीची कोंबडी

आधीच माफी मागते. माझं अक्षर कोंबडीनं अंगण उकरल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठं द्यायचं ते चौथीनंतर शाळेबरोबरच सुटलं. वाचणारं तसं कोणी नाही. पण कधी लेकीच्या हाती हे कागद लागले तर तिनं हसू नये, एवढंच.

लिहायला बसले त्याला कारण पेपरचा बातमीदार मुलगा. लेकीला मोठ्या संघानं करारावर घेतलं तेव्हा तो आमच्या घरी आला होता. हातात मोबाईल धरून म्हणाला, "मावशी, मुलीविषयी दोन शब्द सांगा." मी म्हणाले, "चांगली आहे." तो वाट बघत राहिला. मग मी विचारलं, "चहा घेता का?" झाले माझे दोन शब्द. पेपरात छापून आलं, 'आईच्या डोळ्यांत आनंदाश्रू'. मी त्या वेळी कांदा चिरत होते.

मला चार माणसांत बोलता येत नाही. लहानपणापासून नाही. पोटात सगळं असतं, पण माणसं बघायला लागली की जीभ टाळूला चिकटते. त्याला जे सांगायचं राहिलं ते इथं लिहिते.

आम्ही श्रीरामपूरला देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, कंपाउंडात राहतो. शाळा, मुलींचं बोर्डिंग आणि मागं आमच्या खोल्यांची रांग. मी बोर्डिंगात भाकरी करते. आमचे मालक, म्हणजे लेकीचे वडील, टेम्पो चालवतात, कधी भाजी, कधी मांडवाचं सामान. माझ्या वाटचं बोलणंही तेच बोलून टाकतात.

शाळेच्या मागं बास्केटबॉलचं सिमेंटचं ग्राउंड आहे. पूर्वी त्याला दोन टोकांना दोन खांब आणि दोन रिंगा होत्या. लेक रांगत होती त्या साली एका लग्नाच्या मांडवाचे बांबू उतरवायला मालकांनी टेम्पो मागं घेतला. मागं उभे होते आमच्या देवळाच्या पंचांपैकी एक कंडक्टरमामा, एसटीत होते तेव्हा. ते "येऊ द्या, येऊ द्या" करत होते. मधेच त्यांना कोणी तरी सलाम केला. सलामाला उत्तर देईपर्यंत टेम्पो खांबावर जाऊन बसला होता.

"तू ब्रेक का न्हाई मारला?"

"मामा, तुमी 'येऊ द्या' म्हणत हुता!"

"मी त्या पाव्हण्याला म्हणत हुतो!"

हे भांडण आमच्याकडं अजून मिटलेलं नाही. खांब मात्र परत उभा राहिला नाही. त्या अर्ध्या ग्राउंडावर बाजरी वाळायला लागली, शेवया वाळायला लागल्या, टेम्पो उभा राहायला लागला. उरलं अर्धं ग्राउंड आणि एक रिंग.

माझी लेक त्या अर्ध्यावर वाढली. मी भाकरी थापायची आणि खिडकीतून ती दिसायची. बोर्डिंगच्या मोठ्या मुली खेळायच्या, ही बाजूला उभी. एखादी मुलगी दमली की हिला आत घ्यायच्या. उंच मुलगी दमली तर ही तिच्या जागेवर रिंगखाली उड्या मारायची. चपळ मुलगी दमली तर बॉल आपटत न्यायचं काम हिचं. लांबून टाकणारी आजारी पडली की ही लांबून टाकायची. सुट्टीत बोर्डिंग रिकामं झालं की तिघं-चौघंच उरायची, मग सगळी कामं सगळ्यांनीच करायची. आणि रिंग एकच, म्हणून त्यांचा नियम होता: समोरच्याकडून बॉल हिसकावला की तो आधी बाहेरच्या गोल रेषेपर्यंत न्यायचा, तिथून वळायचं आणि त्याच रिंगेत टाकायचा. लेकीला वाटायचं जगात बास्केटबॉल असाच खेळतात. मलाही तसंच वाटायचं.

ती आठवीत असताना शाळेच्या खेळाच्या बाई तिला नगरला निवडीसाठी घेऊन गेल्या. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय. संध्याकाळी परत आली ती दप्तर टाकून सरळ माझ्या चुलीपाशी येऊन बसली.

"काय झालं?"

"आई, तिथं दोन रिंगा असतात."

पुढचं बाईंनी सांगितलं. निवडणाऱ्या साहेबांनी प्रत्येकीला विचारलं, तू कुठल्या जागेवर खेळतेस. ही म्हणाली, कुठल्याही. साहेब म्हणाले, कुठल्याही म्हणजे कुठलीच नाही. तरी उभी केली. पहिलाच बॉल हिनं रिंगखाली उडी मारून पकडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग हिनं सवयीनं तो गोल रेषेपर्यंत नेला, वळली, आणि त्याच रिंगेत टाकला. बरोबर पडला. फक्त ती रिंग आपल्याच बाजूची होती. गुण मिळाले समोरच्यांना.

"एवढ्या लांबून स्वतःवरच गोल करणारी पोर मी पहिल्यांदा बघितली," असं साहेब म्हणाले म्हणे.

मालकांना हसू आवरेना आणि लेकीला रडू. मला दोन्ही येत होतं. तव्यावरची पहिली पापुद्रा सुटलेली भाकरी मी तिच्या ताटात टाकली, तेवढंच सुचलं. ती खाऊन पुन्हा ग्राउंडावर गेली. टेम्पो बाजूला काढायला लावून वाळवणाच्या बाजूनं पळायची सवय करायला लागली. शेजारची आक्का ओरडली, "अगं ए, माझ्या शेवया तुडवशील!"

आक्काविषयी सांगायला पाहिजे. तिची खोली आमच्या खोलीला लागून. मधे एका विटेची भिंत, त्यामुळं आमच्या घरात शिंक आली तर आक्का तिकडून "देव बरं करो" म्हणते. नवरा वारला, मुलं पुण्याला. तिच्या दोन कोंबड्या आणि माझ्या दोन, एकाच भिंतीला शेजारी शेजारी दोन डालग्यांखाली झाकलेल्या असायच्या.

नगरच्या त्या फजितीनंतर एक वर्ष गेलं. आणि एक दिवस खेळाच्या बाई चपला हातात घेऊन, वाळवण चुकवत पळत आल्या. मोबाईलवर परदेशातला एक खेळ लावलेला. "बघा, बघा! तिघी-तिघी आहेत. अर्धं ग्राउंड. रिंग एकच! आणि बॉल मिळाला की आधी बाहेर न्यायचा!"

मालक वाकून बघत म्हणाले, "ह्यांचा पण खांब कुणी पाडला का काय?"

हा तिघींचा बास्केटबॉल वेगळाच खेळ आहे, त्याच्या मोठमोठ्या स्पर्धा होतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यात चारच जणी असतात, तीन आत आणि एक बदली. म्हणून प्रत्येकीला सगळं यावं लागतं. बाईंनी लेकीचा खेळ मोबाईलवर उतरवून पुण्याला एका शिबिराला पाठवला होता, आणि तिथून बोलावणं आलं होतं. महिनाभर राहायचं. चांगले खेळणाऱ्या मुलींना तिथूनच पुढं घेणार होते. राहण्याजेवणाचे आणि बुटांचे मिळून साडेनऊ हजार लागणार होते. सोमवारी तिथं हजर व्हायचं. नाही गेली तर दुसरी मुलगी तयार होती.

टेम्पोचं इंजिन नुकतंच उघडलं होतं, घरात काही नव्हतं. मालक म्हणाले, "पंचांकडं मागू. तू चल संगं."

"मला नाही मागता येत."

"तू नुसती उभी राहा. मी बोलतो."

"उभंही नाही राहता येत."

हे सगळं भिंतीपलीकडं आक्का ऐकत होती, हे मला माहीत असायला हवं होतं.

तो आठवडा हंगामाच्या सणाचा होता. बाजरी निघाली की आमच्या देवळात हा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकलं, वाढलं, त्यातलं पहिलं देवाला आणायचं. कोणी कणसं, कोणी अंडी, कोणी भोपळा, कोणी बोकड. भक्ती झाली की पटांगणात त्याचा लिलाव. या लिलावात वस्तूचा भाव कोणी बघत नाही, ती देण्याची रीत आहे. एक लिंबू शंभर रुपयाला जातं, घेणारा ते परत देतो, पुन्हा लिलाव, पुन्हा हशा. बोली घेतात कंडक्टरमामा. आता निवृत्त झालेत, पण आवाज अजून एसटीचाच.

मला या लिलावाची धास्ती आहे. लग्न होऊन आले त्या पहिल्याच सणाला मी नाकावरची माशी हाकलायला हात वर केला, आणि मामा ओरडले, "नव्या सूनबाई! चारशे! एकदा, दोनदा, तीनदा!" भला मोठा भोपळा माझ्या मांडीवर आणून ठेवला. "मी नाही" एवढं म्हणायला पाहिजे होतं, तेवढंही तोंडातून निघालं नाही. घरात कितीतरी दिवस भोपळ्याची भाजी, भोपळ्याचे घारगे, भोपळ्याचं भरीत. सासूबाई मला 'भोपळेवाली' म्हणायच्या. तेव्हापासून लिलावात मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसते, माशी बसो नाहीतर गांधीलमाशी.

पैसे नव्हते, पण बोलावणं आलं त्याचे उपकार मानायला पाहिजेत म्हणून मी मालकांना म्हटलं, एक कोंबडी देऊ. ते पहाटे उठून डालग्याखाली हात घालून एक कोंबडी पिशवीत घालून घेऊन गेले.

लिलावात मामांनी ती वर धरली. "ही बघा, टेम्पोवाल्यांची लाल कोंबडी! बोला, शंभर!"

मागून आक्का ताडकन उठली. "थांब रं! इकडं वळव तिला. डाव्या पायाची नखी न्हाई... आगं बया! ही तर माझी कोंबडी हाय!"

सगळं देऊळ हसायला लागलं. आमच्या मालकांनी दुसऱ्याच डालग्यात हात घातला होता. मी पदर डोक्यावरून जेवढा खाली ओढता येईल तेवढा ओढला.

मामा म्हणाले, "आक्का, देवाच्या गाडीत बसली ती बसली. अर्ध्या वाटंत उतरता येत न्हाई. तिकीट काढा नि घेऊन जा."

"माझ्याच कोंबडीचं तिकीट?"

"मंग काय, पासावर हाय का ती?"

"लाव दीडशे!"

पोरांना चेव आला. तिची गंमत करायला कोणी दोनशे म्हणे, कोणी तीनशे. आक्काही हटेना. स्वतःची कोंबडी तिनं आठशेला घेतली, काखेत मारली आणि खाली बसायच्या ऐवजी पुढं जाऊन उभी राहिली.

"ही मी परत देते," ती म्हणाली, "पण पैसे देवळाच्या छपराच्या फंडाला न्हाई. आपल्या पोरीला सोमवारी पुण्याला जायचंय खेळायला, साडेनऊ हजार पाहिजेत. तिच्या आईला मागता येत न्हाई. मला येतंय. लावा बोली!"

देवळाच्या पाळकांनी मान डोलावून होकार दिला. आणि ती कोंबडी फिरायला लागली. कोणी पाचशेला घेई, परत देई. कोणी तीनशेला घेई, परत देई. बोर्डिंगच्या मुलींनी वर्गणी काढून घेतली. मामांनी "खांब पाडणाऱ्याच्या नावानं" म्हणून स्वतः हजाराला घेतली, त्यावर मालक उठून म्हणाले, "म्हंजे तुमी कबूल झाला!" कोंबडी इतक्या हातांतून फिरली की शेवटी तिनं मामांच्या पिशवीत अंडं घातलं. त्याचाही लिलाव झाला. साडेनऊ हजार भरले तेव्हा टाळ्या वाजल्या. मी मान वर केली नाही. हात मांडीखाली सुन्न झाले होते.

लेक सोमवारी पुण्याला गेली.

मी मालकांना सांगितलं, हे दान नाही, उसने आहेत. ते पंचांना विचारून आले. पंच म्हणाले, देवाचे पैसे परत घ्यायची आपल्याकडं रीत नाही, द्यायचेच असतील तर लिलावात द्या. मग मी मनाशी ठरवलं: जसे आले तसेच देईन. एका कोंबडीवर, साडेनऊ हजार, आणि माझ्या तोंडानं. माझ्यासाठी आक्का बोलली होती. फेडताना तरी दुसऱ्याला बोलायला लावायचं नाही.

ठरवलं खरं. भाकरीच्या पगारातून डब्यात पैसे टाकत गेले. दर वर्षी सण यायचा, मी हात मांडीखाली घालून बसायची आणि घरी यायची. मालक म्हणायचे, "यंदा मी बोलू का?" मी म्हणायची, "नाही." पैसे साठत होते, तोंड उघडत नव्हतं.

लेकीचं मात्र भराभर उघडत गेलं. शिबिरात पहिल्या दिवशी तिला तोच प्रश्न विचारला, कुठल्या जागेवर खेळतेस. ही घाबरत म्हणाली, कुठल्याही. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "मग आत ये." महिन्याचं शिबिर होतं, ती राहिली वर्षभर. त्यांनीच तिथल्या शाळेत घातलं. मग राज्याच्या संघातून खेळली, कॉलेजात गेली. दोन रिंगांचा खेळही शिकली, त्यातही सर तिला रोज नवीन जागेवर उभी करायचे. फोनवर सांगायची, "आई, आज उंच मुलीचा पाय मुरगळला, मी तिच्या जागेवर होते." मी विचारायची, "जेवलीस का?"

एकदा आम्ही तिचा सामना बघायला पुण्याला गेलो. मी, मालक आणि आक्का. एवढे दिवे, एवढी गाणी, माझं डोकंच फिरलं. मला खेळातलं काही कळत नाही, पण लेक ओळखीची वाटली. लग्नघरात एखादी सून असते बघा, तिला कोणी काम नेमून दिलेलं नसतं. पाणी संपलं की पाणी आणते, पोळ्या मागं पडल्या की लाटायला बसते, कोणाचं पोर रडलं की कडेवर घेते, आणि पंगत वेळेवर उठते ती तिच्यामुळं. माझी लेक तशी खेळत होती. तिच्याहून वीतभर उंच मुलगी रिंगखाली आली की ही तिच्यापुढं पाय रोवून उभी. बॉल हातात आला की पळ काढून बरोबर मैत्रिणीच्या हातात. दोघी अडकल्या की ही लांब रेषेबाहेर जाऊन मोकळी. त्या खेळात बाहेरून सरांनी ओरडायचं नसतं, पोरींनीच आपसात ठरवायचं. माझी लेक सारखी बोलत होती, "डावीकडं! सोड! मी आहे!" एवढ्या लोकांत. तो आवाज तिला कुठून आला, मी बघतच राहिले.

आक्का शेजारी मोठ्यानं म्हणाली, "माझ्या कोंबडीनं पाठवलीय तिला!" पुढच्या ओळीतली माणसं मागं वळून बघायला लागली.

या वर्षी एका लीगच्या संघानं तिला करारावर घेतलं. आता खेळणं हेच तिचं काम, त्याचा पगार. ज्या साहेबांनी नगरला नापास केली होती तेही सत्काराला आले होते आणि भाषणात म्हणाले, "ही मुलगी कुठल्याही जागेवर खेळते." लेक माझ्याकडं बघून हसली. कंपाउंडात मालक आणि मामा, खांब आपणच पाडला असं आता दोघंही सांगत फिरतात.

पहिला पगार झाला तेव्हा लेक म्हणाली, "आई, ते साडेनऊ हजार मी पाठवते." मी म्हटलं, "निम्मे माझ्या डब्यात आहेत, टेम्पोच्या टायरांनी खाऊन उरलेले. निम्मे तुझे घाल. पण देणार मी."

"लिलावात? तू बोलणार?"

"बघू."

सणाला ती मुद्दाम सुट्टी काढून आली आणि माझ्या शेजारी चटईवर बसली. एवढी मोठी झालेली, पाय दुमडून बसताना गुडघे दोन माणसांच्या जागेत. तिनं माझा एक हात मांडीखालून ओढून काढला आणि सोडून दिला.

मामांनी एक काळी कोंबडी वर धरली. "बोला, शंभर! दीडशे! मागं कोण, दोनशे?"

मी हात वर केला.

मामांनी बघितलं, थांबले, डोळे बारीक केले. "बाई, माशी हाय का बोली?"

सगळे हसले. मीही हसले, आणि हसताना तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

"बोली."

"किती?"

"साडेनऊ हजार."

आवाज बारीकच निघाला, पण पटांगण एवढं गप्प झालं होतं की शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मामांनी टोपी काढून डोकं पुसलं. एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले, तीनदा म्हणाले. आक्का मागून ओरडली, "ह्या वेळी भोपळा न्हाई बरं का!"

कोंबडी मी आक्काच्या मांडीवर नेऊन ठेवली. तिनं आधी तिचे पाय तपासले. "हिची सगळी नखं हायेत की. फायद्यात राहिले मी."

मग मी पदराची गाठ सोडून खजिनदारांच्या टेबलापुढं गेले. त्यांनी नोटा मोजल्या, माझ्याकडं बघितलं, पुन्हा मोजल्या आणि पावती फाडली. "पुरे झाले?" मी विचारलं. तेही मोठ्यानं, सगळ्यांदेखत. ते म्हणाले, "पुरे झाले."